ऑफिस, लिफ्ट, शेअर कॅब: बंद जागेतल्या रूम फ्रेशनरचं काय करायचं?

पालवी_अंधेरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

विषय किरकोळ वाटेल, पण डोकं खरोखर दुखतंय म्हणून इथे मांडते. अंधेरी पूर्वेला आमचं छोटं ऑफिस आहे. भिंतभर काचा, त्यातली एकही उघडत नाही. दोन स्प्लिट एसी. मध्यंतरी अ‍ॅडमिनने पॅसेजमध्ये आणि टॉयलेटच्या दाराशी ती आपोआप फवारणारी यंत्रं लावली. थोड्या थोड्या वेळाने फुस्स. डब्यावर लॅव्हेंडरचं चित्र आहे. माझं टेबल नेमकं पॅसेजच्या तोंडाशी. मला कॉलेजपासून मायग्रेन आहे. दुपारच्या डब्यापर्यंत उजव्या भुवईच्या वर ठणका सुरू होतो.

संध्याकाळी शेअर कॅब. डॅशबोर्डवर जेलची डबी, आरशाला लटकवलेलं कागदी झाड, आणि शेजारी बसलेल्याने नुकताच मारलेला डिओ. खिडकी खाली करा म्हटलं तर "मॅडम, एसी चालू आहे." बिल्डिंगमध्ये पोचले की लिफ्टमध्ये तेच यंत्र, फक्त रंग निळा.

हे खरंच अपायकारक असतं की माझंच नाक नाजूक? ऑफिसात कसं बोलायचं, म्हणजे "हिला सगळ्याचाच त्रास" असा शिक्का बसणार नाही? आणि लोक हे लावतात ते काहीतरी वास येतो म्हणूनच ना, मग त्यावर दुसरा उपाय काय? "दुर्लक्ष कर" हा सल्ला नवऱ्याने देऊन झालेला आहे, तो सोडून बाकी सगळं सांगा.

डबल_फास्ट

रुमाल टाकून ठेवतो. (धाग्यावरही आणि नाकावरही.)

अत्तरदाणी

मला ही तक्रारच कळत नाही. मुंबईत नाला, गटार, घाम, कचऱ्याची गाडी हे सगळं आपण निमूट सहन करतो, आणि कुणी चार पैसे खर्चून चांगला वास लावला की लगेच त्रास! मी वीस-बावीस वर्षांचा असल्यापासून अत्तर लावतो. मोहम्मद अली रोडला बसून, मनगटावर थेंब थेंब घेऊन निवडतो. उन्हाळ्यात खस, थंडीत हिना, पावसात मिट्टी. आजवर कुणी नाक मुरडलं नाही. उलट विचारतात, कुठून आणलंत.

पालवी_अंधेरी

@अत्तरदाणी, तुमच्या मनगटावरच्या थेंबाशी माझं काहीच भांडण नाही हो. तुम्ही उठून गेलात की तो वासही जातो. हे यंत्र कुठेच जात नाही.

उगाच_एक

"आजवर कुणी नाक मुरडलं नाही" हे तुम्हाला दिसलं नाही असं म्हणा. तोंडावर कोण मुरडणार? (हलके घ्या.)

गच्चीवरची_शाळा

रसायनशास्त्र शिकवते, तेव्हा थोडं लांबण लावणार आहे. खडू हातात आला की आवरत नाही.

फवाऱ्याने घाण वास जात नाही. तो हवेत तसाच असतो, त्याच्यावर दुसरा जास्त जोरकस वास चढतो. वास खरोखर कमी करणारे पदार्थ आहेत, पण ते वेगळे. सक्रिय कोळसा वायूचे रेणू आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. खायचा सोडा आंबूस वासाची आम्लं मारतो. काही फवाऱ्यांत स्टार्चपासून केलेला सायक्लोडेक्स्ट्रिन नावाचा पदार्थ असतो, त्याच्या पोकळीत वासाचे रेणू अडकून बसतात. पण ग्राहकाला "काहीतरी झालं" असं वाटावं म्हणून त्यातही वरून सुगंध घालतातच.

आता डब्यात काय असतं ते. फवारा बाहेर ढकलायला बहुतेक डब्यांत ब्युटेन आणि प्रोपेन असतं, म्हणजे आपला एलपीजीच. पूर्वी या कामाला सीएफसी नावाची रसायनं वापरत. ओझोनच्या थराला भोक पडतंय हे कळल्यावर १९८७ चा माँट्रियल करार झाला आणि ती हळूहळू गेली. आता आत दाबाखाली भरलेला, पेट घेणारा गॅस असतो, म्हणून तर डब्यावर "५० अंशांवर तापू देऊ नका" असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर असा डबा ठेवणाऱ्यांनी ते एकदा भिंग घेऊन वाचावं.

सुगंधाचा भाग म्हणजे मुख्यतः लिमोनीन (संत्र्या-लिंबाच्या सालीतलं), लिनालूल (लॅव्हेंडरमधलं), पायनीन वगैरे. हवेत ओझोन असला की लिमोनीनची त्याच्याशी प्रक्रिया होते आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड व अतिसूक्ष्म कण तयार होतात. ऑफिसात ओझोन कुठून येणार? थोडा बाहेरून, थोडा लेझर प्रिंटरमधून, आणि काही आयोनायझरवाल्या एअर प्युरिफायरमधून. फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे असा गट.

लगेच घाबरून डबे खिडकीतून फेकू नका. तयार होणारं प्रमाण लहान असतं, आणि खोली केवढी, हवा किती बदलते यावर सगळं ठरतं. हॉलच्या दोन्ही खिडक्या उघड्या टाकून एकदा फवारलं ती गोष्ट वेगळी. पालवीच्या ऑफिसात हवा बदलतच नाही, कारण स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढून, गार करून परत सोडतो. पुष्कळांना हे माहीत नसतं. सकाळी फवारलेलं संध्याकाळपर्यंत तीच माणसं घेत राहतात.

लेबलवर मात्र हे काही कळणार नाही. "परफ्यूम" या एका शब्दाखाली डझनावारी पदार्थ झाकलेले असतात. युरोपात सौंदर्यप्रसाधनांपुरता तरी नियम आहे की अ‍ॅलर्जी आणणारे ठरावीक सुगंधी पदार्थ नावानिशी छापायचे. ती यादी आधी २६ ची होती, २०२३ मध्ये वाढून ८० च्या वर गेली.

अत्तरदाणी

म्हणजे आता लिंबूसुद्धा घातक? घाटात गाडी लागते तेव्हा आमची आई लिंबूच हातात द्यायची.

गच्चीवरची_शाळा

सालीतलं तेल तेच आहे. झाडाचं म्हणून रेणू बदलत नाही, त्यामुळे "नैसर्गिक" लिहिलेल्या डिफ्यूझरवाल्यांनीही फार खूश होऊ नये. पण घाटातलं लिंबू तुमच्या नाकाशी असतं, अख्ख्या एसटीच्या नाही.

माऊ_आणि_मी

डिफ्यूझरवरून आठवलं, घरात मांजर असेल तर टी ट्री तेल अजिबात नको. मांजराच्या यकृताला असले पदार्थ फोडून बाहेर टाकता येत नाहीत. विषय माणसांचा आहे, पण सांगून ठेवते.

ओपीडी_नंतर

धागाकर्तीचं नाक नाजूक नाही. मायग्रेनमध्ये उग्र वास हे नेहमीचं निमित्त आहे, आणि झटका आलेला असताना वास नकोसा होणं हे तर लक्षणच मानतात. दम्याच्या रुग्णांचंही तसंच, फवाऱ्याने छाती आवळते.

"सवय होईल" असं जे सांगतात त्यांच्यासाठी. वासाची सवय होते हे खरं. काही मिनिटांत नाक तो वास कळवणं कमी करतं. त्याचा परिणाम उलटा होतो. फवारणाऱ्याला वाटतं वास उडाला, तो आणखी फवारतो. बाहेरून आत येणाऱ्याच्या मात्र थोबाडीत बसते. शिवाय डोळे चुरचुरणं, नाकात झोंबणं हे वासाच्या नसेचं काम नाही, ते चेहऱ्याच्या संवेदनेची ट्रायजेमिनल नस करते. वास कळेनासा झाला तरी ते चालूच राहू शकतं.

एक इशारा, कारण लोक फ्रेशनर काढून तिथे डांबर गोळ्या आणि कापूर ठेवतात. डांबर गोळ्या म्हणजे नॅप्थॅलीन. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, तान्ह्या बाळांत तर जोरात कावीळ होते. मुंबईत पारशी समाजात ही कमतरता तुलनेने जास्त आढळते, काही आदिवासी समाजांतही. कपाटात गोळ्यांबरोबर ठेवलेली दुपटी, टोपडी बाहेर काढून थेट बाळाला गुंडाळू नका. आणि कापूर पोटात गेला तर लहान मुलांना फिट येते, त्यासाठी एखादी वडीही पुरते. भिंतीच्या प्लगमध्ये खोचायच्या त्या कापूरदाण्या हल्ली घरोघरी दिसतात. त्यातल्या वड्यांचा डबा रांगत्या मुलाच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

शिवाजीपार्कची_आजी

डॉक्टर, आमच्या वेळी बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा, बाळंतशोपा, लसणाची सालं टाकून धुरी द्यायचे, तीही दारं लावून. माझ्या तिन्ही मुलांना दिली. सगळी धडधाकट आहेत. पण धाकटीच्या वेळी मीच खोकून खोकून बेजार झाले होते, सासूबाईंना सांगायची सोय नव्हती. सून बाळंत झाली तेव्हा मी शेगडी बाहेर काढलीच नाही. विहीणबाईंना राग आला. येऊ दे.

ओपीडी_नंतर

आजी, नमस्कार स्वीकारा.

डबल_फास्ट

लोकलचं कुणीच बोललं नाही म्हणून. जन्म दारात लटकून गेला; तिथे वास टिकतो कुठे, वारा सगळं घेऊन जातो. २०१७ च्या नाताळला पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल सुरू झाली तेव्हापासून नवीन प्रकार बघतोय. दारं बंद, माणसाला माणूस चिकटलेला, आणि अंधेरीला चढलेला एक गृहस्थ बॅगेतून डिओ काढून शर्टाच्या आत दोन्ही बाजूंना मारतो. स्वतःला सोडून बाकी सगळ्यांना आंघोळ. घामाचा वास परवडला असता. लेडीजमध्ये काय परिस्थिती आहे?

माहेर_अलिबाग

तीच. बॉडी मिस्ट. वर मोगऱ्याचा गजरा, पण गजऱ्याबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही.

वर्सोव्याची_बाय

आता माझं ऐका. सासर वर्सोवा कोळीवाडा, राहायला मात्र टॉवरात, मुलाचं घर. पावसाळ्याची बेगमी म्हणून मे महिन्यात सुके बोंबील, सोडे, जवळा घेऊन येते. पत्र्याच्या डब्यात भरलेलं, डबा पिशवीत, पिशवीला गाठ. माझी आय पाटी घेऊन लोकलच्या लगेजच्या डब्यातून जायची, कारण बाकीच्या डब्यांत बायका तोंडाला पदर लावायच्या. मी म्हटलं आपण डब्यात भरून आणू, कुणाला त्रास नको.

तरी लिफ्टमध्ये नोटीस लागली. "तीव्र वासाचे पदार्थ नेताना इतर सभासदांचा विचार करावा." नाव कुणाचं लिहिलं नव्हतं, पण सगळ्यांना कळतं. नोटिशीपाठोपाठ लिफ्टमध्ये यंत्र आलं. त्याच्यावर काय लिहिलंय माहीत आहे? "ओशन". लाटेचं चित्र. मी समुद्रावर जन्मले, समुद्राचा वास मला विचारा! ते तर फिनेलने पुसलेल्या लादीवर कलिंगड कापल्यासारखं वास मारतं. सोळाव्या मजल्यापर्यंत ते नाकात घेऊन जायचं, आणि त्यावर कुणाची तक्रार नाही, नोटीस नाही. माझे सोडे दोन मिनिटं लिफ्टमध्ये होते. हे यंत्र चोवीस तास असतं.

गच्चीवरची_शाळा

बाय, नाक पक्कं आहे तुमचं. असले "समुद्री" सुगंध बहुतेक वेळा कॅलोन नावाच्या रसायनावर उभे असतात. ते १९६६ मध्ये फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडलं, आणि सुगंधवाल्यांच्या बोलीत त्याला वॉटरमेलन कीटोनच म्हणतात.

माशाचा वास ट्रायमिथाइलअमीनचा, तो अल्कलीच्या जातीचा. त्यावर लिंबू, चिंच, आमसूल असं काही आंबट लावलं की त्याचं क्षारात रूपांतर होतं आणि ते उडत नाही, म्हणून वास थांबतो. कोळणी हाताला चिंच चोळतात त्यामागे हेच आहे. वास मारणं म्हणतात ते हे. लिफ्टमधला "ओशन" यातलं काही करत नाही.

सेक्रेटरी_नाइलाज

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी (वरच्या ताईंच्या नव्हे). दुसरी बाजूही ऐका. लिफ्टमध्ये वास येतो तो माशांपेक्षा कचऱ्याच्या पिशव्यांचा. ओला कचरा नेताना पिशवी गळते, ते पाणी लिफ्टच्या दाराच्या खाचेत जातं आणि तिथेच कुजतं. कुत्री आहेत, पावसाळ्यात ओल्या छत्र्या आहेत. हाउसकीपिंगवाला वरून लादी पुसतो, खाच कुणी साफ करत नाही. सभेत तीन जण उठून ओरडले की कमिटी काहीतरी केल्याचं दाखवते, आणि यंत्र लावणं सगळ्यात सोपं. ठरावही लागत नाही, किरकोळ खर्चात बसतं.

वर्सोव्याची_बाय

मग खाच साफ करून घ्या ना. आणि नोटीस कचऱ्याची लावा.

सेक्रेटरी_नाइलाज

कचरा सगळ्यांचाच असतो, त्याच्या नोटिशीला मतं पडत नाहीत. ताई, खोटं कशाला बोलू.

काळीपिवळीचा_मुलगा

बाबांची पद्मिनी टॅक्सी होती. पुढच्या दाराला छोटी त्रिकोणी काच असायची, ती वळवली की वारा थेट छातीवर. सकाळी बोहनीआधी अगरबत्ती लावायचे, माहीम येईपर्यंत तिचा मागमूस नसायचा. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनीची मुदत संपली. मी अ‍ॅपवर एसी गाडी चालवतो, तेव्हा चालकाची बाजूही येऊ द्या.

दिवसभरात गाडीत कोण कोण बसतं बघा. वडापाव, ओली छत्री, जिममधून निघालेला माणूस, मच्छीची पिशवी, रात्री उशिरा दारू प्यायलेले. एकाने उलटी केली तर पुढचा कस्टमर "गाडीत वास येतो" लिहून एक तारा देऊन जातो. मला सांगायला जागा नाही की वास माझा नाही. म्हणून जेल. सिग्नलवर मिळतं, स्वस्त असतं. तुम्ही अर्धा तास बसता, मी त्या जेलबरोबर बारा तास बसतो. डोकं माझंही चढतं, रात्री जेवण जात नाही.

शेवटी मेकॅनिकने सांगितलं की तुझा वास पॅसेंजरचा नाहीच, कूलिंग कॉइलचा आहे. एसीचं पाणी जायची बारीक नळी असते, ती चोंदली होती. पाणी गाडीखाली टपकायच्या ऐवजी पुढच्या मॅटखाली मुरत होतं. मॅट उचलली तर खालचा नमदा काळा पडलेला. नळी फुंकून मोकळी केली, नमदा उन्हात टाकला, केबिन फिल्टर बदलला. तो फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, आणि काढला तेव्हा त्यात पिंपळाची पानं आणि झुरळाचे पंख होते. आता मुक्काम येण्याआधी थोडा वेळ एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवतो, म्हणजे कॉइल कोरडी होते. कुबट वास आलेला नाही.

दुसरं म्हणजे आमच्या गाड्या सीएनजीच्या. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळला तर कळावा म्हणून उग्र वास मुद्दाम घालतात. टाकी डिकीत, जेल डॅशबोर्डवर. स्टँडवरच्या एका जुन्या चालकाने मला शिकवलंय की सकाळी गाडी उघडली की आधी हुंगायचं, अगरबत्ती नंतर.

आणि मॅडम, त्रास होत असेल तर बसतानाच सांगा. "दादा, वासाने माझं डोकं दुखतं, हे जरा काढाल का?" मी डबी बंद करून डिकीत टाकेन, दहापैकी नऊ जण टाकतील. एसी चालू ठेवून बाहेरची हवा आत घ्यायचं बटणही असतं, तेही दाबायला सांगा. पण अर्ध्या रस्त्यात न बोलता नाकाला ओढणी लावून बसलात तर मला वाटतं माझ्याच अंगाचा वास येतोय. फार वाईट वाटतं हो.

पालवी_अंधेरी

@काळीपिवळीचा_मुलगा, ओढणीचं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उद्यापासून बसतानाच सांगणार.

उगाच_एक

धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद. गॅसच्या वासावरून: १९ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवते का? चेंबूर, घाटकोपर, पवईकडून सगळे गॅसचा वास येतोय म्हणून फोन करत होते, अग्निशमन दलाच्या गाड्या शोधत फिरत होत्या. आम्ही चाळीतले सगळे खाली उतरलो होतो. शेजारचे काका मात्र वर निवांत, कारण त्यांच्या घरात तीन प्रकारच्या उदबत्त्या चालू होत्या. त्यांना काही कळलंच नाही.

मोरीवाला

प्लंबिंगची कामं घेतो. पालवीताई, तुमच्या अ‍ॅडमिनने टॉयलेटच्या दाराशी यंत्र का लावलं तो मुद्दा कुणी विचारला नाही. माझ्या अंदाजाने तिथे गटाराचा वास येत असणार, आणि सोमवारी सकाळी जास्त.

पालवी_अंधेरी

अगदी! सोमवारी जास्त, हे तुम्हाला कसं कळलं?

मोरीवाला

ऑफिस शनिवार-रविवार बंद. जमिनीतल्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, त्यात नेहमी थोडं पाणी साचून राहतं. ते पाणीच बूच असतं, खालच्या पाइपातला गॅस वर येऊ देत नाही. ऑफिसच्या टॉयलेटात जमिनीवर पाणी ओततंय कोण? मॉप मारतात. एसीची कोरडी हवा, दोन दिवस वापर नाही, ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि गटाराचा रस्ता उघडा. लोक सुगंधावर सुगंध मारत बसतात. शुक्रवारी निघताना हाउसकीपिंगला प्रत्येक जाळीत दोन-तीन मग पाणी ओतायला सांगा. खर्च शून्य.

तरी वास राहिला तर बेसिनखालचा बाटलीसारखा ट्रॅप उघडून धुवा, त्यात केस आणि साबण कुजतात. आणि कमोड जमिनीला टेकतो तिथलं सिमेंट फुटलंय का बघा.

आणि त्या युरिनलमधल्या रंगीत गोळ्या. त्या बहुतेक पॅराडायक्लोरोबेन्झिनच्या असतात, डांबर गोळीची बहीणच. वास गोळीचा येतो, घाण जिथल्या तिथे. जास्त टाकल्या म्हणून जास्त स्वच्छ होत नाही.

एक_एचआर_बिचारी

ऑफिसात बोलायचं कसं हा मूळ प्रश्न राहिलाच. मी टेबलाच्या पलीकडे बसते, तेव्हा तिकडून सांगते.

"मला वासाचा त्रास होतो" म्हणालीस की ती तुझी वैयक्तिक तक्रार होते. उत्तर ठरलेलं: टेबल बदलून देतो. "ऑफिसात बाहेरची हवा येत नाही आणि टॉयलेटचा ड्रेन तपासायला हवा" म्हणालीस की ते देखभालीचं काम होतं आणि अ‍ॅडमिनच्या यादीत जातं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्वच्छता, उजेड आणि वायुवीजन ही मालकाची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. मेलमध्ये कायदा फडकवायची गरज नाही, पण "वायुवीजन" लिहिलंस की आमच्यासारखे लोक जरा ताठ बसतात. डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी जोड.

परदेशी उदाहरण हवंच असेल तर अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २००९ मध्ये आपल्या इमारतींत सुगंधी फवारे, प्लगमधले फ्रेशनर वगैरे बंद केले, कर्मचाऱ्यांनीही अत्तर लावून येऊ नये असं सांगितलं. आपल्याकडे अत्तराचं बोललीस तर ऑफिसात उभी फूट पडेल. यंत्रापुरतं बोल.

अत्तरदाणी

इथवर वाचलं. यंत्रं काढायला माझा पाठिंबा. तसंही ते लॅव्हेंडर अत्तरांच्या गावच्या, कन्नौजच्या माणसाला हुंगवलं तर तो गाव सोडून जाईल. पण अत्तरावर बंदी आली तर मी वेगळा धागा काढणार.

माहेर_अलिबाग

काढाच. मी गजऱ्याच्या वतीने येते.

पालवी_अंधेरी

मसुदा असा केलाय, बघा बरं:

"ऑफिसमध्ये बाहेरची ताजी हवा येण्याची सोय नाही. स्वयंचलित फ्रेशनरमुळे मला मायग्रेनचा त्रास होतो, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आहे. टॉयलेटमधला वास ड्रेनचा असावा असं वाटतं. कृपया फ्लोअर ट्रॅप तपासून घ्यावेत, एक्झॉस्ट फॅन चालू आहे का पाहावं, आणि तोवर दोन्ही यंत्रं पंधरा दिवस बंद ठेवून पाहावीत. वास राहिला तर पुन्हा बोलू."

एक_एचआर_बिचारी

छान. "पंधरा दिवस बंद ठेवून पाहावीत" हे उत्तम, कायमचं काढा म्हटलं की लोक अडून बसतात. रिफिलवर महिन्याला किती जातात तेही एका ओळीत टाक. अकाउंट्सला कॉपी कर.

सेक्रेटरी_नाइलाज

हा मसुदा मी ढापतोय. लिफ्टची खाच उद्या दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करून घेतो, आणि यंत्राचा सेल काढून ठेवतो. बघू कुणाच्या लक्षात येतंय.

वर्सोव्याची_बाय

तुमच्या सोसायटीत फ्लॅट रिकामा आहे का हो?

पालवी_अंधेरी

@मोरीवाला, एक शंका. एक्झॉस्ट फॅन आमच्याकडे आहे आणि फिरतोही, तरी वास बाहेर जात नाही. पंखा लहान पडत असेल का?

मोरीवाला

एवढ्याशा टॉयलेटला सहा इंची पुष्कळ झाला. दार घट्ट बसत असेल तर पंखा ओढणार कुठून? दाराला खाली जाळी किंवा बोटभर फट लागते. टिश्यू पेपरचा तुकडा पंख्याच्या जाळीला लावून बघा. चिकटून राहिला तर ओढतोय, पडला तर नुसताच फिरतोय.

पालवी_अंधेरी

दाराला जाळी आहे. टिश्यू चिकटतो. पंखा वर फॉल्स सीलिंगमध्ये बसवलाय.

मोरीवाला

मग तिथेच गोम आहे. पुष्कळ ठिकाणी पंखा फॉल्स सीलिंगच्या पोकळीतच सोडून देतात, बाहेर पाइप काढतच नाहीत. टॉयलेटची हवा सीलिंगवरून फिरून तुमच्याच डोक्यावर उतरते. इलेक्ट्रिशियनला एक टाइल सरकवून बघायला सांगा, दोन मिनिटांचं काम. पाइप डक्टपर्यंत गेलेला नसेल तर टाकून घ्या, आणि पंखा जेवढ्या इंचाचा तेवढाच पाइप घ्या. चार इंचीला चेपून बसवून देतात, ते चालवून घेऊ नका.